फोटोच्या मागचं नाव

"बावड्यात हायस व्हय," फोनवर त्यो हसला. "मी माझंच नाव टाकलंतं गूगलवर, आन निघालीस तू! चटणीवाली झालीस म्हण की. आयतवारी येतो. पोरगीला तयार ठेव."

त्यो म्हंजे माझा नवरा. ज्याच्यापासनं मी तान्ही पोरगी घिऊन पळाले आन कसबा बावड्यात खोली घिऊन लपून ऱ्हायले, त्यो. हातातला फोन चटणीच्या परातीत पडला तसा पडू दिला, पोरगीला, आरूला, काखेला मारली आन पायात चप्पल बी न घालता पळत सुटले, तिखटाचे हात, डोळ्यातनं पाणी, ते तिखटाचं का भ्याचं मलाच कळंना. गल्लीतल्या बाया बघाय लागल्या. मी थेट आक्काच्या क्लासात.

"आक्का, त्याला घावले मी! नाव न्हाय घातलं कुठं, तोंड न्हाय दावलं, फोटोत नुसतं हात हायत माझं. हात बघून कोण वळखतंय व्हय?"

आक्का म्हटली, "आधी पोरगीला खाली ठेव. श्वास कोंडलाय तिचा तुझ्या हातात."

आता ही आक्का कोण ते सांगते, न्हायतर पुढचं कळायचं न्हाय.

आक्काचं खरं नाव महादेवी. माहेर पार खाली, कर्नाटकाच्या हद्दीकडं, म्हणून सगळी तिला आक्का म्हणत्यात, तिच्यापेक्षा म्हातारी माणसं बी आक्काच. मालक वारले तसं त्यांचा टायपिंगचा क्लास हिनं चालवला, मशिनींचा जमाना गेला, कॉम्प्युटर आले, ते बी हिनं शिकून घेतले. पिठाच्या गिरणीला लागून एक खोली आन मागं एक अंधारी खोली. म्होरं तीन कॉम्प्युटर. मागं जुन्या टायपिंगच्या मशिनी, कापडं घालून झाकलेल्या. चष्म्याला दोरी, मनगटात मालकांचं घड्याळ, आन आवाज असा की गिरणी चालू असली तरी हिचंच आयकू यायचं. जुन्या बायांगत "मी येतो, मी जातो" बोलायची.

दोन खोडी व्हत्या तिच्या. एक, कुणाचं बी नाव अर्धं घ्यायची न्हाय. पोराचं, बापाचं, आडनाव, तिन्ही पायजेत. रोज पुरी हजेरी. गिरणीत एक मांजार व्हतं, त्याला बी हाक मारायची "सोनी दत्तू गिरणीवाले", दत्तू म्हंजे गिरणीचा मालक. त्यो चिडायचा, "आक्का, मांजराचा बाप मी न्हवं." आक्का म्हणायची, "दूध कोण घालतंय? मग?"

दुसरी खोड म्हंजे रिकामी चौकट तिला बघवायची न्हाय. भितीवरच्या कॅलेंडरात एक बी चौकट मोकळी नसायची. काय नसलं तर लिव्हायची, "आज काही नाही." मला हसू यायचं. आता येत न्हाय.

मी तिच्याकडं गेले ती टायपिंग शिकायला. नववीत शाळा सुटलेली, लगीन झालं, पुढचं सगळं तुमाला म्हाईत असल्यागतच हाय. बावड्यात आल्यावर मी लोकांच्या चटण्या करून द्यायची. आमच्याकडं चटणी म्हंजे वर्षाचं लाल तिखट, मिरच्या, खोबरं, कांदा, लसूण, सगळं भाजून डंकावर, म्हंजे मिरच्या कांडायच्या गिरणीवर, कांडून आणायचं. वाईच डबीत घालून आक्काला न्हेली, रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून. तिनं बोटाला लावून चाखली, डोळं मिटलं, परत चाखली.

"ही कुणी केली?"

"मी."

"मग टायपिंग कशाला शिकतीस गं? ही वीक."

"कुठं बसून विकू आक्का? बाजारात बसले आन तिकडच्या कुणी बघितलं तर? पोरगी न्हेतील वो माझी." आन मग मी सगळंच सांगून टाकलं, कधी कुणाला सांगितलं नव्हतं ते. नवरा म्हटलाय, पोरगी आमच्या घराची, तू कुठं बी मर. हे बी सांगितलं.

आक्कानं डबीचं झाकण लावलं आन म्हटली, "म्हंजे गिऱ्हाइकाला सापडायचं आन नवऱ्याला न्हाय. अवघड हाय. पर जमवू."

तसं ठरलं. वेबसाईट करायची. माझं नाव घालायचं न्हाय, तोंड दावायचं न्हाय, पत्ता क्लासाचा. फोन नंबर तेवढा माझा, आन ते शिमकार्ड आक्काच्या नावावर.

मला वाटलं वेबसाईट केली की झालं. रोज फोन घिऊन बसायची, कुणी येईना. आक्काला म्हटलं, ही बंद पडलीया. आक्का म्हटली, "बंद न्हाय. गूगलला अजून ठावंच न्हाय तू हायस म्हणून. हे बघ, गूगल म्हंजे नाक्यावरचा पानपट्टीवाला. पावणं त्याला इचारत्यात, चटणी कुठं मिळंल? त्यो काय समद्यांच्या घरात जेवाय बसलाय? त्यो दारावरची पाटी वाचतो, आत काय हाय ते हिंडून बघतो, आन शेजारीपाजारी कोण तुझं चांगलं बोलतंय ते आयकतो. मग सांगतो, तिकडं जावा. तुझ्या दारावर पाटी काय हाय?"

पाटी व्हती, "सुस्वागतम".

"सुस्वागतम टाइप करून कोण चटणी हुडकतंय?" आक्का गरजली. "पाटीवर 'घरगुती कोल्हापुरी चटणी' लिव्ह."

पर तेवढ्यानं भागंना. मग तिनं मला डंकावर उभं केलं. म्हटली, "आज काय बोलायचं न्हाय, नुसतं आयकायचं. माणसं काय शब्द वापरत्यात ते ध्यानात ठेव." मी आरूला घिऊन उभी, नाकात तिखट. आमच्या बाया समद्या चटणीच म्हणत व्हत्या. मग एक पुण्याची बाई गाडीतनं आली, नाकाला पदर लावून म्हटली, "तुमच्याकडे कांदा लसूण मसाला मिळेल का?" डंकवाला म्हटला, "मसाला न्हाय, चटणी हाय." ती बाई परत गेली की! तीच चटणी, समोर ढीग लागलेला, आन ती रिकाम्या हातानं गेली. मी पळत आक्काकडं आले. आक्का खूश. "कळलं? आपल्या शब्दानं आपल्याला हुडकायला आपली माणसं न्हाय येत, त्यांच्या घरात चटणी असती. परकं त्यांच्या शब्दानं येतं. दोनी लिव्ह." मी लिव्हलं, आमच्याकडं ज्याला चटणी म्हणतात, तोच तुमचा कांदा लसूण मसाला. त्याच्यानंतर पयला फोन आला. पुण्याचाच.

तिच्या क्लासात कागलचं एक बापू यायचं, गूळ विकायचं. बापूंना कुणी सांगितलं, एकच शब्द लई वेळा लिव्हला की पयला नंबर येतो. बापूंनी पानभर लिव्हलं, सेंद्रिय गूळ, आमचा सेंद्रिय गूळ, सेंद्रिय गुळासाठी सेंद्रिय गूळ. आक्कानं मोठ्यांदा वाचून दाखवलं सगळ्यांम्होरं. मग म्हटली, "बापू रामचंद्र चौगुले, तुमी माझ्या घरला आलासा आन मी दारातनं 'बसा की, बसा की, बसा की, बसा की' करत ऱ्हायलो तर बसशीला?"

बापू म्हटलं, "पळून जाईन."

"गूगल बी पळालाय. गुळाची ढेप कशी करता, काकवी कशी निघती, ते लिव्हा. माणसाला वाचू वाटंल तेच त्याला बी वाचू वाटतंय."

असली आक्का. एकदा तिनं मला पार नदीच्या बंधाऱ्यावर चालवत न्हेलं, उन्हाचं, तिचा जुना खडखडलेला फोन घिऊन. तिथं रेंज मरतुकडी. म्हटली, "उघड तुझी वेबसाईट." गोल फिरतंय, फिरतंय, आरूला झोप लागली तरी फिरतंय. फोटो लई मोठे टाकलेले मी, चटणी चांगली दिसावी म्हणून. आक्का म्हटली, "गिऱ्हाईक काय मोठ्या फोनवालंच असतंय? रानात उभी असती एखादी, तिची दोरी एवढीच. तेवढ्या दोरीनं वर येईल एवढीच घागर भर." फोटो लहान केले. तिथंच बंधाऱ्यावर बसून तिनं एक गोष्ट सांगितली, ती मला तवा लई आवडलेली. म्हटली, "फोटो गूगलला नीट दिसत न्हाय. आंधळ्याला सांगावं तसं फोटोमागं लिव्हून सांगावं लागतंय, ह्यात काय हाय. बघणाऱ्याला ते दिसत न्हाय. पर गूगल वाचतो. ती चौकट कदी रिकामी सोडायची न्हाय."

फोटोमागचं लिव्हायचं काम तिनंच घेतलं. माझं टायपिंग कच्चं.

एकदा एक टाय लावलेला आला, म्हटला दोन दिसात पयल्या नंबरवर आणतो, खोटी शाबासकी लिव्हून देतो, एवढी एवढी. आक्कानं त्याला च्या पाजला आन घालवला. "च्या कशाला पाजला?" मी म्हटलं. म्हटली, "पावणा हाय. खोटं मातर न्हाय लिव्हायचं. वेबसाईटीवर एक खोटं घावलं की गिऱ्हाईक परत येत न्हाय." तिनं कदी लिव्हलं न्हाय खोटं. मिरच्या मिळाल्या न्हाईत तर म्हणायची, लिव्ह, मिरच्या मिळाल्या न्हाईत.

हळूहळू फोन वाजाय लागला. आरूला दूध, खोलीचं भाडं, सगळं त्या चटणीतनं. 'घरगुती कोल्हापुरी चटणी' टाकलं की सगळ्यात वर आमी. आक्का कॉम्प्युटरवर बोट ठेवून सगळ्यांना दावायची, पोरगी पास झाल्यागत. आन मला आतनं भ्या वाटायचं. जेवढं वर गेलो तेवढं दिसाय लागलो. आक्काला म्हटलं बी, थोडं खाली न्हाय का येता येणार? आक्का हसली. "खाली यायचा क्लास न्हाय घेत मी."

तर त्यो फोन आला त्यो दिवस.

आक्कानं मला पाणी पाजलं आन कॉम्प्युटरम्होरं बसली. माझ्या नवऱ्याला आपलं नाव गूगलवर बघायचं लई याड. वाढदिवसाला चौकात आपलाच बोर्ड लावणारा माणूस, गॉगल घातलेला. आक्कानं त्याचं नाव टाकलं. आन फोटोत माझे हात. लाल तिखटात मनगटापतूर बुडलेले, माझ्याच हिरव्या बांगड्या.

"हे कसं?" मी म्हटलं.

आक्कानं वेबसाईटीची मागची बाजू उघडली, जिथनं सगळं लिव्हायचं असतंय, तिथं फोटोमागची चौकट व्हती, आन तिनं लिव्हलेलं तिनंच वाचलं. पयल्यांदा तिचा आवाज गिरणीखाली दबला.

"घरगुती कोल्हापुरी चटणी भरताना आरोही सत्वशील खाडेकर हिची आई."

मी बघतच ऱ्हायले. नाव माझं न्हवतंच. दिलेला शबूद तिनं पाळलेला. गल्लीत कोण माझं नाव घेतंय? आरूची आई, आरूची आई. तसंच तिनं लिव्हलं. आन आरूचं नाव तिनं अर्धं कसं लिव्हावं? मदी बापाचं नाव आलं. त्यानं स्वतःला हुडकलं आन त्याला आमी घावलो.

"तुझं नाव न्हाय लिव्हलं गं," आक्का म्हटली. "रिकामी कशी सोडू?"

तिनं ते पुसलं. मी परत नाव टाकून बघितलं, परत माझे हात. पुसलं तरी! मी ओरडलेच. आक्का म्हटली, "आपण पुसलं, पर गूगल परत येऊन बघंस्तवर जुनंच सांगत बसतो. लवकर ये म्हणून निरोप धाडलाय त्याला. येईल तवा येईल."

"मग वेबसाईटच बंद करा!"

"केली तर चटणी बंद. आन त्यो तर यायचाच, त्याला कळायचं ते कळलं. आता लपून काय उपेग? उलटं कर. तुझं नाव घाल, मोठ्या अक्षरात. पोलिसात जाऊया, मी येतो संगं. सगळ्या बावड्याला ठावं होऊ दे तू कोण, ही पोरगी कुणाची, त्यो कसला. समद्यांच्या डोळ्याम्होरनं कोण उचलतंय पोरगी?"

"तुमचा आवाज हाय आक्का. मला न्हाय आवाज."

आयतवार उजाडला. मी आन आरू मागच्या अंधाऱ्या खोलीत, मशिनींच्या मदी, म्होरं नुसता पडदा. गाडी थांबली. दारं आपटली. आक्का उंबऱ्यात खुर्ची टाकून बसलेली, वाट आडवून.

"या पावणं. कोण पायजे?"

"माझी बायको हाय हितं. पोरगी हाय."

"पुरं नाव सांगा की तुमचं."

"मला वळखत न्हाईसा? सत्वशील खाडेकर."

"न्हाय बा. मी बघितलं गूगलवर. तुमच्या नावानं नुसती चटणी निघती."

गिरणीतनं दत्तू हसला. मला हसू न्हाय आलं, मी आरूला छातीशी दाबून धरलेली. तेवढ्यात आरूचा हात कापडाखाली गेला आन टायपिंगच्या मशिनीवर पडला. टक.

"आत कोण हाय?"

"मांजार," आक्का म्हटली. "सोनी दत्तू गिरणीवाले."

टक, परत. मी आरूचं बोट तोंडात धरलं. ती मजा वाटून हसाय लागली, मी तिचं तोंड माझ्या पदरात कोंबलं, श्वास कोंडंल हिचा, आक्काच म्हटलेली, पर काय करू? बाहेर त्यो आत यायला लागला असणार, कारण आक्काचा आवाज चढला, असा चढला की डंकाकडच्या बाया आल्या, गिरणीतली माणसं आली. "उंबरा वलांडायचा न्हाय! बाईमाणसाचं घर हाय! पुरं नाव सांगितलंसा तुमी, सगळ्यांनी आयकलंय!"

त्यो मागं सरला. जाताना म्हटला, "पुढच्या टायमाला कागद घिऊन येतो. पोरगी बापाची अस्ती."

"आणा. मला वाचाय येतंय."

त्यो गेल्यावर आक्का आत आली, आरूला घेतली आन म्हटली, "बघ, माणसं बघत व्हती म्हणून गेला. आता सांग, नाव घालू?"

मी म्हटलं उद्या सांगते.

उद्या उजाडला तशी मी पिशवी भरली, शिमकार्ड काढून खोलीच्या किल्लीसंगं घरमालकिणीच्या दारात ठेवलं आन निघाले. क्लासावरनंच रस्ता. आक्का दारात वाकून रांगोळी घालत बसलेली, पाठ माझ्याकडं. चौकोनात रंग भरत व्हती, एकेक करून. माझ्या बांगड्या वाजल्या, आरू "आका" म्हटली. तिला आयकू गेलं असणार, तिला मुंगी चाललेली आयकू जायची. पर तिनं मान वर केली न्हाय. केली असती तर मी थांबले असते. तिला ते ठावं असणार. तिचं बोट नुसतं थांबलं, चिमटीत रंग तसाच, मी वळणापतूर जाईस्तवर.

आता मी नृसिंहवाडीत हाय. हितं दर्शनाला रोज परकी माणसं, कोण कुणाला इचारत न्हाय. खोलीची खिडकी लावून बसते. आरूला बाहेर न्हेत न्हाय, ती दाराला नखं मारती. नवा नंबर कुणाकडं न्हाय, आक्काकडं बी न्हाय. तिला मला हाक मारायची तर मारणार कशी?

काल ऱ्हावलं न्हाय, टाकलं गूगलवर, घरगुती कोल्हापुरी चटणी. अजून वरच हाय. बंद न्हाय केली तिनं. म्होरं लिव्हलंय, "चटणी सध्या नाही. करणारी बाहेरगावी गेली आहे. परत येणार आहे."

वेबसाईटीवर खोटं न्हाय लिव्हायची आक्का.

पासवर्ड माझ्याकडं हाय. मी मागची बाजू उघडली. सगळ्या फोटोंमागं लिव्हलंय, मिरच्या वाळत घातल्यात त्याच्यामागं, डंकाच्या मागं, बरणीच्या मागं. माझ्या हातांच्या फोटोमागं काय न्हाय. चौकट रिकामी. जिला कॅलेंडरातली चौकट सोसायची न्हाय, तिनं ही मोकळी ठेवलीया, आन आतमदी ती बारीक रेघ उघडझाप करतीया, लिव्ह, लिव्ह म्हणल्यागत.

माझं नाव लिव्हून बावड्याला परतले तर त्यो हुडकंल, आन ह्यावेळी कागद घिऊन यील. पर माणसं बी बघतील. न्हाय लिव्हलं तर आरू हितंच ह्या दाराशी मोठी व्हनार, आन आक्काची चौकट तशीच. सकाळपासनं बोट ठेवून बसलीया मी. पयलं अक्षर दोनदा लिव्हलं, दोनदा पुसलं.

तुमी आई असता, माझ्या जागी असता, तर काय केलं असतं? लिव्हलं असतं का वो नाव?